स्ट्रेनर रोज साफ करूनही समुद्रपाण्याचा दाब का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मालवाहू जहाजावरील फोर्थ इंजिनिअर लिहितात की, उष्ण आणि गढूळ पाण्याच्या नांगरतळावर पाच आठवडे थांबून जहाज निघाल्यापासून मुख्य समुद्रपाणी पंपाचा डिस्चार्ज दाब (पंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा) २.४ बारवरून १.७ बारवर आला आहे. सक्शन गेज (पंपात येणाऱ्या पाण्याचा दाब दाखवणारे) पूर्वी अधिक ०.५ बार दाखवत असे, ते आता उणे ०.४ दाखवते. सेंट्रल कूलरमधून (जेथे समुद्रपाणी यंत्रांना थंड ठेवणाऱ्या गोड्या पाण्याची उष्णता उचलते) बाहेर पडणारे गोडे पाणी ३६ अंशांवर राहत असे, ते ३९ अंशांवर गेले आहे. रोज स्ट्रेनर (पाण्यातला कचरा अडवणारी गाळणी) उघडूनही त्यात मूठभर शिंपल्यांपलीकडे काही सापडत नाही, दुसऱ्या बाजूची सी चेस्ट (समुद्रपाणी आत घेण्यासाठी जहाजाच्या कवचात केलेला कप्पा) घेतल्यावर थोडाच फरक पडला, आणि दुसरा पंप जोडीला लावल्यावर सक्शन आणखी खाली गेले. सागरी वाढ रोखणाऱ्या यंत्रणेच्या पॅनेलवर मात्र सर्व आकडे ठीक दिसतात. तेव्हा दोष नेमका कुठे आहे, आणि या व्यवस्थेची देखभाल कशी करावी?

आपण आकडे दिले आहेत, त्यामुळे उत्तराचे निम्मे काम झालेले आहे. अनेक जहाजांवर ‘पाणी कमी येते आहे’ एवढेच सांगितले जाते आणि लगेच पाने घेऊन स्ट्रेनरकडे धाव घेतली जाते, कारण स्ट्रेनर ही या मार्गातली हाताला लागणारी सर्वांत सोपी जागा आहे. परंतु पाणी जहाजाच्या कवचातील जाळीतून सी चेस्टमध्ये येते, तेथून सी सक्शन व्हॉल्व्हमधून स्ट्रेनरमध्ये, स्ट्रेनरमधून दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या क्रॉसओव्हर पाइपमध्ये, मग पंपात, कूलरमध्ये आणि शेवटी ओव्हरबोर्ड व्हॉल्व्हमधून बाहेर जाते. या सर्व वाटेत स्ट्रेनर हा एकच टप्पा आहे. तो साफ निघतो याचा अर्थ वाट साफ आहे असा होत नाही. कधीकधी तर उलट अर्थ होतो, कारण स्ट्रेनरमधल्या ज्या बास्केटचा (जाळीच्या टोपलीचा) तळ गंजून फाटला आहे किंवा जी आपल्या बैठकीवर नीट बसलेली नाही, ती प्रत्येक वेळी स्वच्छच निघते आणि कचरा पुढे कूलरच्या तोंडाशी जाऊन साचतो.

सेंट्रिफ्युगल पंपाची दोन गेजे एकत्र वाचली तर अडथळा कोणत्या बाजूला आहे ते बहुतेक वेळा कळते. पंपाच्या अलीकडे अडथळा असेल तर सक्शन पडते आणि त्याबरोबर डिस्चार्जही पडतो. पंपाच्या पलीकडे, म्हणजे कूलर किंवा ओव्हरबोर्ड व्हॉल्व्हपाशी अडथळा असेल तर डिस्चार्ज चढतो आणि सक्शन सुधारते, कारण प्रवाह कमी झाल्याने येण्याच्या वाटेतली घटही कमी होते. पंपाचाच इम्पेलर (पाणी ढकलणारे चक्र) किंवा त्याभोवतीची वेअर रिंग झिजली असेल तर डिस्चार्ज पडतो, पण सक्शन मात्र सुधारलेले दिसते, आणि दोहोंतला फरक आक्रसतो. पहिल्या दोन्ही प्रकारांत मोटरचा करंट कमी होतो, म्हणून केवळ अँपिअर पाहून निदान करू नये. गेजचा काटा सतत थरथरत असेल तर हवा आत येत आहे, असे समजून आधी सी चेस्टच्या व्हेंटकडे (हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपकडे) आणि सक्शन बाजूच्या जोडांकडे पाहावे.

आता आपले आकडे घेऊ. पूर्वी डिस्चार्ज आणि सक्शन यांतला फरक १.९ बार होता, आज तो २.१ बार आहे. म्हणजे पंप अशक्त झालेला नाही. तो कमी पाणी ढकलत असल्यामुळे आपल्या वक्ररेषेवर (प्रवाह कमी तसा दाब जास्त, असे दाखवणाऱ्या) थोडा वर सरकला आहे, एवढेच. समुद्रपाणी कूलरमध्ये २९ अंशांवर येऊन पूर्वी ३८ अंशांवर बाहेर पडत होते, आज ४१ अंशांवर पडते, असेही आपण लिहिले आहे. इंजिनावरचा भार तोच असेल तर उचललेली उष्णता तीच असते, आणि तापमानातली वाढ ९ वरून १२ अंशांवर गेली याचा अर्थ प्रवाह तीनचतुर्थांश उरला आहे. जहाजावर फ्लोमीटर नसला तरी हा हिशेब नेहमी करता येतो, आणि माझ्या मते तो रोज करावा.

पंपाच्या पातळीपेक्षा समुद्र सुमारे ८ मीटर वर असेल तर पंप बंद असताना सक्शन गेजने सुमारे ०.८ बार दाखवले पाहिजे. पूर्वी चालू पंपावर ०.५ दिसत होते, म्हणजे येण्याच्या वाटेत ०.३ बार खर्च होत होते. आज उणे ०.४ दिसते, म्हणजे १.२ बार खर्च होतात, आणि तेही तीनचतुर्थांश प्रवाहावर. घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते हे लक्षात घेतले तर आपल्या येण्याच्या वाटेचा अडथळा जवळपास सातपट झाला आहे. मूठभर शिंपल्यांनी असे होत नाही. दुसरा पंप लावल्यावर सक्शन आणखी पडले हेही याच्याशी जुळते, कारण अरुंद झालेल्या वाटेतून जास्त पाणी ओढू पाहिले की घट वाढते, पाणी फारसे वाढत नाही आणि दोन्ही पंप पोकळीकरणाच्या (कमी दाबामुळे पाण्यात वाफेचे बुडबुडे होण्याच्या) दिशेने जातात. दुसरा पंप बंद ठेवावा.

येथे एक सूचना केली पाहिजे. ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडले आहे ते माप) एक मीटरने बदलला की सक्शन गेज ०.१ बारने बदलते. भरलेल्या जहाजावरचे आकडे बॅलास्टमधल्या (मालाविना, तोलासाठी पाणी घेतलेल्या) जहाजाच्या आकड्यांशी ताडून पाहिले तर नसलेला दोष दिसतो आणि असलेला लपतो. म्हणून नोंदवहीत सक्शन, डिस्चार्ज, अँपिअर, कूलरच्या चारही तोंडांची तापमाने आणि समुद्राचे तापमान यांच्याबरोबर त्या दिवशीचा ड्राफ्ट लिहावा. ड्राय डॉकमधून (जहाज कोरडे करून दुरुस्त करण्याच्या गोदीतून) बाहेर पडल्यावर पहिल्या आठवड्यातले आकडे एका पानावर वेगळे लिहून कंट्रोल रूममध्ये लावून ठेवावेत. पुढची पाच वर्षे तुलना त्यांच्याशी करायची असते.

आपण तापमानावर फार विसंबला आहात असेही मला वाटते. सेंट्रल कूलिंग व्यवस्थेत गोड्या पाण्याचे तापमान थ्री-वे व्हॉल्व्ह सांभाळतो. कूलरमधून किती पाणी न्यायचे आणि किती बायपास करायचे हे तो ठरवतो. समुद्रपाणी कमी होऊ लागले की हा व्हॉल्व्ह बायपास हळूहळू मिटत जातो आणि ३६ अंश कायम राखतो. बायपास पूर्ण मिटल्यावरच तापमान चढू लागते, म्हणजे तापमानाचा इशारा सर्वांत शेवटी येतो. थ्री-वे व्हॉल्व्हचा निर्देशक कोणत्या अंशावर उभा आहे हे पाहण्याची सवय ठेवली तर दोन-तीन आठवडे आधी कळते. ही व्यवस्था बहुधा ३२ अंशांच्या समुद्रपाण्यासाठी आखलेली असते, त्यामुळे थंड समुद्रात अर्ध्या प्रवाहावरही काही बिघडत नाही, आणि जहाज उष्ण पाण्यात शिरताच ‘अचानक’ दोष उद्भवतो. तो अचानक उद्भवलेला नसतो.

अडथळा पंपाच्या अलीकडे आहे हे ठरल्यावर प्रश्न उरतो तो सी चेस्टची जाळी, सी सक्शन व्हॉल्व्ह, स्ट्रेनर आणि क्रॉसओव्हर यांपैकी कोणता टप्पा दोषी आहे हा. स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंना गेज असेल तर हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि नसेल तर व्हेंट किंवा ड्रेनच्या जागी तात्पुरते गेज बसवावे. पंप थांबवून सर्व गेजे ड्राफ्टनुसार अपेक्षित स्थिर दाब दाखवतात ना ते आधी पाहावे, म्हणजे गेजांचाच खोटेपणा बाहेर पडतो. मग पंप चालू करून पाहावे. स्ट्रेनरच्या आधीचेच गेज खूप खाली आले तर दोष जाळीत किंवा सी सक्शन व्हॉल्व्हमध्ये आहे. ते जागेवर राहून स्ट्रेनरनंतरचे पडले तर बास्केट बुजली आहे. दोन्ही ठीक असून पंपाचे सक्शन तेवढे पडले तर क्रॉसओव्हरमध्ये किंवा पंपाच्या सक्शन व्हॉल्व्हमध्ये पाहावे. बास्केट ‘साफ’ आहे हे ठरवताना ती उजेडाकडे धरून पाहावी, कारण गवतासारखी दिसणारी हायड्रॉइड नावाची वाढ छिद्रांच्या कडांवर इतकी पातळ बसते की हाताला लागत नाही, पण अर्धे छिद्र खाऊन टाकते.

सी चेस्टच्या बाजू बदलूनही आपल्याला फारसा फरक पडला नाही, यावरून सामाईक भागावर संशय घेता येईल. परंतु पाच आठवडे उष्ण पाण्यात उभ्या राहिलेल्या जहाजाच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्या सारख्याच भरणे हेही अगदी स्वाभाविक आहे. किंबहुना जी सी चेस्ट आपण बंद ठेवली होती ती जास्त भरलेली असण्याची शक्यता आहे. बार्नॅकल (पृष्ठभागाला घट्ट चिकटणारे टणक कवचाचे जीव), शिंपले आणि हायड्रॉइड यांच्या अळ्या स्ट्रेनरच्या छिद्रांतून सहज निसटतील इतक्या सूक्ष्म असतात. त्यांना बसायला शांत पाणी लागते, आणि पाइपमधला वेग सेकंदाला सुमारे एक मीटरच्या खाली गेला की त्यांची सोय होते. बंद सी चेस्टमध्ये वेग शून्य असतो, आणि भरती-ओहोटीबरोबर खाद्य मात्र येत राहते. म्हणून नांगरतळावर लांबचा मुक्काम असेल तर दोन्ही सी चेस्ट आलटून पालटून वापराव्यात. बदल करताना आधी नवी उघडून मग जुनी मिटावी. ऊर्जा वाचवण्यासाठी पंपाची गती कमी करणारी यंत्रणा अलीकडे बऱ्याच जहाजांवर असते. तिची बचत मी नाकारत नाही, पण मुक्कामात आठवडेच्या आठवडे किमान गतीवर पंप चालवणे म्हणजे शिंपल्यांना घर बांधायला जागा देणे आहे. दिवसातून तासभर तरी पूर्ण गती द्यावी.

आता सागरी वाढ रोखणाऱ्या यंत्रणेबद्दल, कारण ‘पॅनेल ठीक आहे’ या वाक्याने पुष्कळ गैरसमज होतात. सर्वसाधारण प्रकारात तांब्याचा अॅनोड (धन अग्र) विद्युतप्रवाहाने विरघळतो आणि पाण्यात अब्जभागात सुमारे दोन भाग इतके तांबे सोडतो. जोडीचा अॅल्युमिनियमचा अॅनोड हायड्रॉक्साइडचा साका तयार करतो, जो तांब्याला धरून पाइपच्या भिंतींवर पसरतो. तांबे-निकेलचे पाइप असतील तर अॅल्युमिनियमऐवजी लोखंडाचा अॅनोड वापरतात. एक अँपिअर प्रवाह तासाला सुमारे १.१९ ग्रॅम तांबे विरघळवतो. ताशी १००० घनमीटर पाण्याला अब्जभागात दोन भाग म्हणजे तासाला २ ग्रॅम तांबे, म्हणजे सुमारे १.७ अँपिअर. याच हिशेबाने वर्षाला साडेसतरा किलो तांबे लागते. आपल्या अॅनोडचे वजन किती आहे आणि मागच्या ड्राय डॉकपासून किती महिने झाले, हे पाहिले तर तो अजून शिल्लक आहे की नाही हे कागदावरच कळते. मी असे पॅनेल पाहिले आहे की ज्यावर अँपिअर नेमके सेट केलेल्या आकड्यावर होते आणि खाली फक्त अॅनोडचा मध्यवर्ती दांडा उरला होता. अँपिअरपेक्षा व्होल्टेज पाहावे: तोच प्रवाह ढकलायला महिन्यागणिक जास्त व्होल्टेज लागत असेल तर अॅनोड संपत आला आहे, अर्थात नदीच्या मुखाशी पाणी गोडसर असतानाही व्होल्टेज चढते, तेव्हा नोंद खुल्या समुद्रात घ्यावी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे अॅनोड कुठे बसवले आहेत. ते स्ट्रेनरमध्ये असतील तर स्ट्रेनरच्या पुढच्या पाइपांचे रक्षण होते, सी चेस्ट आणि तिची जाळी उघडीच राहते. शिवाय ही मात्रा अळीला बसू न देण्यापुरती असते. एकदा कवच धरलेल्या शिंपल्याला ती काही करत नाही. स्ट्रेनर उघडण्यापूर्वी ही यंत्रणा बंद करावी, कारण कॅथोडवर (ऋण अग्रावर) हायड्रोजन वायू सुटतो आणि प्रवाह थांबलेल्या बंद भांड्यात तो झाकणाखाली साचतो. व्हेंट उघडून तो जाऊ द्यावा आणि जवळ वेल्डिंग, ग्राइंडिंग चालू नसावे.

स्ट्रेनर उघडण्याच्या कामाबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण ते रोज करत आहात, आणि या संपूर्ण व्यवस्थेत जहाज बुडवू शकेल असे काम हेच आहे. मी ज्युनिअर इंजिनिअर असताना मला एक स्ट्रेनर साफ करायला सांगितला होता. सी सक्शन व्हॉल्व्हचा निर्देशक ‘बंद’ दाखवत होता, पंपाकडचा व्हॉल्व्ह मी स्वतः मिटला होता. ड्रेन कॉक उघडला, पाणी जोरात आले, मग बारीक झाले, मग थांबले. भांडे रिकामे झाले असे समजून मी झाकणाचे नट सैल करू लागलो. माझ्याबरोबरच्या वयस्कर फिटरने मला नट काढू दिले नाहीत. प्रत्येक नट दोन आट्यांपुरताच सैल करायला लावला, आणि मग झाकणाच्या पलीकडच्या कडेत पाचर मारून ते उचकटले. ते उचकटताच त्या फटीतून पाण्याचा पंखा छतापर्यंत उडाला. ड्रेन कॉक चिखलाने बुजला होता, म्हणून पाणी ‘थांबले’ होते. आणि बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या चकती आणि रबरी अस्तरामध्ये बार्नॅकलचा तुकडा अडकल्याने व्हॉल्व्ह मिटलाच नव्हता. नट आट्यांवर होते म्हणून झाकण पुन्हा आवळता आले. नट काढले असते तर ते झाकण पुन्हा कोणालाही बसवता आले नसते.

त्या दिवसापासून मी ड्रेनमध्ये तार घालून पाहिल्याशिवाय पाणी थांबल्याचे मानत नाही. वर व्हेंट उघडा ठेवून तो हवा आत ओढतो का हे बोट लावून पाहतो. तो हवा ओढत असेल तर भांडे खरोखर रिकामे होत आहे. पाणी फेकत असेल तर व्हॉल्व्ह गळतो आहे. झाकण स्वतःपासून दूरच्या बाजूने आधी उचकटावे. काम ड्यूटी इंजिनिअरला सांगूनच सुरू करावे, संबंधित व्हॉल्व्हांना टॅग लावावेत, आणि दूरनियंत्रित व्हॉल्व्ह असेल तर त्याचा हवा किंवा हायड्रॉलिकचा पुरवठा तोडावा, नाहीतर कंट्रोल रूममधले एक बटण पुरेसे होते. धोक्याची कल्पना यावी म्हणून सांगतो: पाण्याखाली ८ मीटरवर १०० मिलिमीटर व्यासाचे भोक पडले तर त्यातून तासाला सुमारे २०० घनमीटर पाणी आत येते. इंजिन रूममध्ये एकटा माणूस हे थोपवू शकत नाही.

याच कारणासाठी इमर्जन्सी बिल्ज सक्शनचा (बिल्जमध्ये, म्हणजे यंत्रकक्षाच्या तळाशी, साचलेले पाणी ओढणाऱ्या तोंडाचा) व्हॉल्व्ह फिरता असला पाहिजे. सोलास या समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार यंत्रकक्षात मोठ्या पंपाला थेट बिल्जमधून ओढणारे तोंड द्यावे लागते आणि सी इनलेट व थेट सक्शन या दोन्हींच्या व्हॉल्व्हचे दांडे फ्लोअर प्लेटच्या बरेच वर आणावे लागतात. ते वर आणलेले असतात. पण ते फिरतात का, हे तपासणी अधिकारी येण्याच्या आदल्या दिवशीच पाहिले जाते. हा व्हॉल्व्ह आठवड्यातून एकदा पूर्ण फिरवावा. सी सक्शन व्हॉल्व्हही महिन्यातून एकदा पूर्ण मिटून उघडावा, आणि मिटताना पंप न थांबवता दुसऱ्या बाजूवर घ्यावा. जो व्हॉल्व्ह वर्षभर हलवला नाही तो गरजेच्या दिवशी मिटेल असे गृहीत धरण्यास काहीही आधार नाही.

जाळी भरली असेल तर पहिला उपाय म्हणजे सी चेस्टला दिलेल्या हवेच्या किंवा वाफेच्या जोडणीतून फुंकणे. त्याआधी दुसरी सी चेस्ट वापरात घ्यावी आणि फुंकायच्या बाजूचा सी सक्शन व्हॉल्व्ह मिटावा, म्हणजे हवा पंपाकडे न जाता जाळीतून बाहेर जाईल. दाब सी चेस्टसाठी ठरवलेल्या मर्यादेतच ठेवावा. फुंकर लहान आणि अनेक वेळा द्यावी. नंतर व्हेंट मोकळा आहे ना ते पाहून बाजू पुन्हा घ्यावी. व्हेंटचा पाइप बार्नॅकलने बुजलेला असेल तर फुंकलेली हवाच सी चेस्टच्या माथ्याशी अडकून बसते आणि दोष वाढल्यासारखा दिसतो. पिशव्या, चिखल, जेलिफिश, पाणवनस्पती फुंकरीने सुटतात. चिकटलेले शिंपले सुटत नाहीत. त्यासाठी पाणबुड्या लागतो. पाण्याखालील सफाईला अनेक बंदरांत परवानगी लागते, आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०२३ मध्ये सुधारलेल्या जैववाढविषयक मार्गदर्शक सूचनांत सी चेस्टकडे स्वतंत्रपणे लक्ष देण्यास सांगितले आहे, तेव्हा सफाईची नोंद वहीत नीट ठेवावी. पाणबुड्या ज्या बाजूला आहे त्या बाजूची सी चेस्ट पूर्ण मिटलेली असावी, पंपांना कुलूप असावे. चालू सक्शनच्या जाळीला चिकटलेला माणूस स्वतःच्या बळावर सुटू शकत नाही.

वरची आणि खालची सी चेस्ट यांची निवड पुष्कळांना माहीत असते, म्हणून थोडक्यात: उथळ आणि गाळाच्या पाण्यात वरची, खोल समुद्रात खालची, कारण जहाज डोलू लागले की वरची हवा ओढते. बदल पायलट चढण्याच्या आधी करावा, बंदराच्या आत नव्हे. बर्फाळ पाण्याचे शास्त्र वेगळे आहे. तेथे कूलरमधून निघालेले ऊन पाणी परत सी चेस्टमध्ये सोडून भुसभुशीत बर्फ वितळवतात, आणि बर्फासाठी बांधलेल्या जहाजांच्या सी चेस्टचे आकारमान दर ७५० किलोवॅटमागे सुमारे १ घनमीटर असावे असे धरले जाते. त्या परतीच्या पाइपचा व्हॉल्व्ह उन्हाळ्यातही फिरवून ठेवावा. क्वचित निसर्गच अनपेक्षित कचरा पाठवतो: ऑगस्ट २०२१ मध्ये जपानच्या दक्षिणेस फुकुतोकु-ओकानोबा या समुद्राखालील ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाचे तरंगते थर ओकिनावापर्यंत वाहत आले आणि जहाजांची पाणी ओढणारी तोंडे त्यांनी बुजवली. अशा वेळी पाण्याच्या पृष्ठभागापासून जितके खाली जाता येईल तितके बरे.

पाइपांबद्दल एकच आग्रह धरतो. घामासारखे पाणी सुटणारे बारीक भोक दिसले की त्यावर हातोडी मारून ‘आजूबाजूला जाडी किती आहे’ हे पाहू नये, कारण भोक हे पातळ झालेल्या पट्ट्याचे मध्यबिंदू असते आणि हातोडी उरलेले काम पूर्ण करते. अल्ट्रासॉनिक मापकाने जाडी घ्यावी. सर्वाधिक झीज वळणांवर, अर्धवट मिटलेल्या बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या लगेच पुढे आणि वेल्डजवळ अस्तर जळलेल्या जागी आढळते. सी चेस्ट आणि पहिला व्हॉल्व्ह यांमधल्या तुकड्याला अडवणारे काही नसते, म्हणून तेथे गळती दिसली तर ती क्लासला (जहाज प्रमाणित करणाऱ्या वर्गीकरण संस्थेला) कळवावी. क्लॅम्प किंवा सिमेंट बॉक्स (गळतीभोवती पेटी करून ओतलेले सिमेंट) हा ड्राय डॉकपर्यंत पोहोचण्याचा उपाय आहे. कूलरमध्ये अॅल्युमिनियम-ब्रासच्या नळ्या असतील तर घाण बंदरातले सल्फाइडयुक्त पाणी त्यांत दिवसेंदिवस उभे ठेवू नये. पंप चालवावा किंवा पाणी काढून गोडे भरावे. कूलरच्या बाहेर पडणारे समुद्रपाणी ५० अंशांच्या जवळ जाऊ देऊ नये, त्यापुढे क्षार वेगाने बसतात. गोड्या पाण्याचे तापमान वाढवायचे म्हणून समुद्रपाण्याचा व्हॉल्व्ह दाबणे ही जुनी सवय यासाठीच सोडावी.

ड्राय डॉकमध्ये वेळ कमी असतो आणि सी चेस्ट शेवटच्या दिवसावर ढकलली जाते. माझा क्रम उलटा आहे. पहिल्याच दिवशी जाळ्या उतरवून आतले फोटो घ्यावेत; वाढ कोणत्या कोपऱ्यात जास्त आहे यावरून अॅनोडचा प्रभाव कुठवर पोहोचतो हे दिसते. आतला रंग हळू वाहणाऱ्या पाण्यासाठीचा असावा. केवळ प्रवाहाच्या जोरावर स्वच्छ राहणारे सिलिकॉनचे लेप या कोनाड्यात उपयोगी पडत नाहीत. जाळीच्या छिद्रांचे एकूण क्षेत्र सी सक्शन व्हॉल्व्हच्या क्षेत्राच्या किमान दुप्पट असावे असा क्लासचा दंडक आहे, आणि वर्षानुवर्षांच्या रंगाच्या थरांनी ते किती उरले आहे हे एका छिद्राचे माप घेऊन कळते. बटरफ्लाय व्हॉल्व्हचे रबरी अस्तर दिसायला चांगले असले तरी बदलावे, व्हेंटमध्ये दांडा घालून तो आरपार मोकळा करावा, जाळीच्या बोल्टना लॉकिंग वायर बांधलेली स्वतः पाहावी. डॉकमध्ये पाणी सोडताना ते सी चेस्टच्या थोडे वर आले की थांबवायला सांगावे, आणि तोवर प्रत्येक व्हॉल्व्हपाशी एक माणूस टॉर्च घेऊन उभा असावा.

आपल्या जहाजाकडे परत येतो. आकड्यांवरून मला दोन्ही जाळ्या भरलेल्या वाटतात, पण स्ट्रेनरच्या आधीचे गेज पाहिल्याशिवाय मी पाणबुड्या मागवणार नाही, कारण पाच आठवड्यांनी क्रॉसओव्हरमध्येही शिंपल्यांचा थर धरू शकतो आणि मग पाणबुड्याचे पैसे वाया जातात. तोवर एकच पंप चालवावा, इंजिनावरचा भार गोड्या पाण्याचे तापमान ३८ अंशांच्या आत राहील इतपत कमी करायला चीफ इंजिनिअरना सांगावे, आणि दोन्ही बाजू फुंकून प्रत्येकीनंतर सक्शनचा आकडा ड्राफ्टसह लिहावा. स्ट्रेनर रोज उघडणे आजच थांबवा. दोन्ही बाजूंच्या गेजांत फरक दिसेल त्या दिवशीच तो उघडावा. पुढच्या बंदरात जाळ्या साफ झाल्यावर सैल झालेले शिंपले आत येतील, त्यामुळे पहिले दोन दिवस मात्र स्ट्रेनर भराभर भरेल. दुसरी बास्केट धुऊन तयार ठेवा, आणि ड्रेनमध्ये घालायची तार त्या स्ट्रेनरशेजारीच लटकवून ठेवा.